रस्त्यांच्या रिसर्चसाठी परदेशी ट्रेनिंग आणि पार्टनर कसा मिळवायचा: इंदूरहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंदूरला सिव्हिल करणारी, पीडब्ल्यूडीत किंवा कन्सल्टन्सीत लागलेली आपली मराठी मुलंमुली नेहमी एकच विचारतात, रस्त्यांच्या रिसर्चसाठी बाहेर जायचं तर कुठला देश चांगला, जर्मनी का जपान का ऑस्ट्रेलिया. माझं म्हणणं असं की देश सगळ्यात शेवटी ठरवायचा, आधी रस्ता ठरवा. घरापासून तासाभरावरचा एखादा खरा रस्ता, जिथे काहीतरी बिघडतंय आणि का बिघडतंय हे कोणाला नीट सांगता येत नाहीये. तो हातात असला की देश, युनिव्हर्सिटी, प्रोफेसर सगळं त्याच्या मागून येतं, आणि समोरचा माणूस मेलला उत्तर देतो कारण तुमच्याकडे त्याला हवी असलेली माहिती असते. रिकाम्या हाताने गेलात तर ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळेल, पण पार्टनर मिळणार नाही.

आधी रस्ता, मग देश

माळव्याची काळी मातीच घ्या. सांवेर, देपालपूर, महू, कुठेही जा, पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता बघता बघता कडेने लांबच लांब चिरतो. मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं तिच्यात, त्याच्या थरांमधे पाणी शिरलं की आकार वाढतो, वाळलं की कमी होतो, आणि रस्त्याच्या मधोमध माती बऱ्यापैकी एकसारखी ओली राहते पण कडेला दरवर्षी ओली-सुकी होत राहते म्हणून चीर कडेला आधी दिसते. आता ही माती काही फक्त आपली नाही. केनियात आहे, इथिओपियात आहे, सुदानच्या गेझिरा भागात आहे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्सला आहे, टेक्सासमधे आहे. म्हणजे या विषयात तुमचा खरा सोबती नैरोबीत किंवा ब्रिस्बेनला बसलाय, आणि आपली मुलं अर्ज करतात ते जिथे रस्त्याचं मुख्य दुखणं बर्फ आणि गोठलेली जमीन आहे अशा ठिकाणी. शिकायला तिथेही मिळतं, पण परत आल्यावर ते देपालपूरच्या रस्त्यावर लावता येत नाही.

दुसरं उदाहरण घाटाचं. एबी रोडने (आग्रा-मुंबई रस्ता) मानपूरच्या पुढे धामनोदकडे उतरताना गणपती घाट लागतो, तिथे लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊन इतके ट्रक धडकले की शेवटी वेगळा रस्ता काढावा लागला. २०२२ मधे देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, आणि अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश तमिळनाडूच्या पाठोपाठ दुसरा होता, ५४,४३२ अपघात. त्यामुळे घाटाचा विषय कोणाला लहान वाटत असेल तर तो लहान नाही. अमेरिकेत उताराची लांबी, तो किती तीव्र आहे ते आणि ट्रकचं वजन धरून ब्रेक किती तापेल याचा अंदाज काढून उतरण्याचा सुरक्षित वेग ठरवायची पद्धत ऐंशीच्या दशकात बनली आणि नंतर वायोमिंगमधे तिच्यावर पुन्हा काम झालं, कारण त्यांच्याकडे डोंगरी उतार आहेत. शिवाय गाडीच्या बाजूचं सगळं टेस्टिंग आपल्या दारातच आहे, पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या टेस्टिंग सेंटरचा ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक २०२१ पासून चालू आहे. वायोमिंगचं मॉडेल, आपल्या घाटाची मोजमापं आणि आपल्याकडचे लोडेड ट्रक, एवढ्यावर एक प्रपोजल उभं राहू शकतं.

शहरात काम करायचं असेल तर इंदूरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, आहेच. २०१३ ला सुरू झाला, निरंजनपूर ते राजीव गांधी चौक साधारण साडेअकरा किलोमीटर, आणि २०२५ मधे हायकोर्टाने तो काढायला परवानगी दिली. कॉरिडॉर काढण्याआधी आणि काढल्यानंतर बसचा वेग, पायी रस्ता ओलांडणारे लोक, अपघात, हे सगळं शेजारी शेजारी ठेवून अभ्यासायची संधी जगात फार थोड्या शहरांना मिळते. यासाठी पार्टनर शोधायचा तर तो कोलंबियातल्या बोगोटा किंवा ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या बाजूला शोधा, त्या लोकांनी हा विषय अनेक वर्षं जगून बघितलाय.

निदान एका पावसाळ्याचा स्वतःचा डेटा

ही पायरी लोक टाळतात आणि इथेच सगळं अडतं. भारी मशीन लागत नाही. काळ्या मातीसाठी पहिली टेस्ट फ्री स्वेल इंडेक्स, कोणत्याही कॉलेजच्या लॅबमधे होते: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली वाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन मोजपात्रांत टाकायची, एकात पाणी, दुसऱ्यात केरोसीन, २४ तास ठेवायचं आणि पाण्यातला आकार केरोसीनपेक्षा किती टक्के वाढला ते बघायचं. ५० टक्क्यांच्या वर गेलं तर रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे ती माती भरावाला चालत नाही. मग लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट (किती ओलाव्याला माती वाहते आणि किती ओलाव्याला मळता येते), आणि सोक्ड सीबीआर, म्हणजे भिजवलेल्या मातीची भार पेलायची ताकद.

रस्त्यावर डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर, म्हणजे डीसीपी, जमीन किती घट्ट आहे हे ठोकून बघायचा दांडा. ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटर वरून सोडायचा, खाली ६० अंशाचं शंकूसारखं टोक, आणि दर ठोक्याला ते टोक किती मिलिमीटर आत जातं ते लिहायचं. ड्रॉइंग दिलं तर सांवेर रोडवरचं एखादं वर्कशॉप बनवून देईल. एकाच जागी मेच्या शेवटी, ऑगस्टमधे आणि डिसेंबरमधे रीडिंग घ्या, रस्त्याच्या मधे आणि कडेला दोन्हीकडे, आणि प्रत्येक वेळी मातीचा ओलावा ओव्हनमधे वाळवून काढा. ओलावा लिहिला नसेल तर डीसीपीच्या आकड्याला बाहेर कोणी विचारणार नाही, आपल्याकडच्या अर्ध्या रिपोर्टमधे तो कॉलम रिकामाच असतो याचं मला फार वाईट वाटतं. सोबत सात दिवसांची वाहनांची मोजणी आणि जमलं तर एक्सल लोड, कारण एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पट होतं, हा चौथ्या घाताचा नियम अमेरिकेत इलिनॉयच्या ओटावा इथे १९५८ ते १९६० झालेल्या आशो रोड टेस्टमधून आला. ती टेस्ट एका जागी, एकाच प्रकारच्या मातीवर झाली होती हेही लक्षात ठेवा, कारण तिथे मिळालेलं गणित आपल्या मातीवर कितपत लागू होतं हाच बऱ्याच वेळा तुमचा प्रश्न असणार आहे.

रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय रस्त्यात भोक पाडू नका. गावचा पीएमजीएसवायचा (पंतप्रधान ग्रामसडक योजना) रस्ता असेल तर त्या योजनेचं जिल्ह्यातलं ऑफिस, शहरात नगर निगम, बाकी पीडब्ल्यूडी किंवा हायवेवाले. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, ट्रॅफिक कोन, आणि ट्रॅफिककडे बघणारा एक वेगळा माणूस, हे नसेल तर त्या दिवशी काम करू नका.

घरी बसून, फुकटात काय शिकता येतं

भरपूर. १९०८ मधे पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली आणि तिच्यातून १९०९ मधे पिआर्क म्हणजे जागतिक रस्ते संघटना निघाली, तिचे टेक्निकल रिपोर्ट आणि रोड सेफ्टी मॅन्युअल वेबसाइटवर वाचायला मिळतं, भारत तिचा सदस्य आहे. ब्रिटनच्या टीआरएल या रस्ते संशोधन संस्थेने उष्ण देशांसाठी काढलेली ओव्हरसीज रोड नोट ३१ वाचाच, आणि आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) डांबरी रस्त्यांच्या डिझाइनवरच्या आयआरसी ३७ च्या २०१८ च्या आवृत्तीशेजारी ठेवून वाचा, दोघं काळ्या मातीला कुठे सारखं वागवतात आणि कुठे वेगळं, याचं दोन पानी टिपण करा. ते टिपण पुढे कामाला येतं. ब्रिटिश मदतीवर आफ्रिका आणि आशियातल्या गावरस्त्यांसाठी रीकॅप नावाचा कार्यक्रम २०२० पर्यंत चालला, त्यात डीसीपीवरून रस्ता डिझाइन करण्यावर खूप काम आहे. अमेरिकेचा एलटीपीपी प्रोग्राम १९८७ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या अडीच हजारांवर रस्त्यांचे तुकडे मोजतोय आणि तो सगळा डेटा इन्फोपेव्ह वेबसाइटवर उघडा आहे, डेटा कसा साठवायचा हे शिकायला याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही. पेपर शोधायला ट्रिड डेटाबेस. रोड सेफ्टी करणाऱ्यांनी आयरॅप या संस्थेचं, रस्ता किती सुरक्षित आहे ते सांगणारं एक ते पाच स्टारचं रेटिंग आणि त्यांचं ऑनलाइन ट्रेनिंग बघावं.

हे वाचताना एक गोष्ट कळते जी मला फार महत्त्वाची वाटते. रस्ता किती खडबडीत आहे हे मोजायला प्रत्येक देशाचं यंत्र वेगळं होतं, एकाचा आकडा दुसऱ्याला समजत नव्हता. १९८२ मधे ब्राझीलियाला वेगवेगळ्या देशांच्या टीम आपापली यंत्रं घेऊन जमल्या, त्याच रस्त्यांवर सगळी चालवली, आणि तिथून आयआरआय (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स) ही जगभर चालणारी मोजणी आली. आपल्याकडे बम्प इंटिग्रेटर या खडबडीतपणा मोजायच्या यंत्राचा आकडा मिलिमीटर प्रति किलोमीटरमधे येतो, तो म्हणजे ६३० गुणिले आयआरआयचा १.१२ वा घात असं सूत्र वापरून आपण जगाशी जोडला जातो. तसंच एचडीएम-४ सॉफ्टवेअर: त्याच्या मुळाशी सत्तर-ऐंशीच्या दशकात केनिया, ब्राझील, कॅरिबियन बेटं आणि भारत इथे झालेले अभ्यास आहेत, भारतातला अभ्यास सीआरआरआयने (दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था) केला. म्हणजे आज जगभरचे इंजिनिअर रस्त्याच्या खर्चाचं जे गणित करतात त्यात आपल्या रस्त्यांवर चाललेल्या ट्रक-बसचे आकडे आहेत. सहकार्य म्हणतात ते हे, प्रत्येकाने आपला रस्ता आणला.

दिल्लीमार्गे जा

परदेशी ओळखी इंदूरहून थेट होण्यापेक्षा दिल्लीमार्गे लवकर होतात. मथुरा रोडवरचं सीआरआरआय १९५२ चं, तिथे समर इंटर्नशिप, डिझर्टेशन आणि वर्किंग इंजिनिअरसाठी छोटे कोर्स होतात. नोएडाला इंडियन अकॅडमी ऑफ हायवे इंजिनिअर्स आहे, १९८३ पासून सरकारी आणि खाजगी इंजिनिअरना शिकवतात. आयआयटी दिल्लीच्या ट्रिप या संशोधन केंद्राचा वाहतूक सुरक्षेवरचा आंतरराष्ट्रीय कोर्स होतो, त्यात शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही बाहेरून येतात. मग आयटेक, भारत सरकारने १९६४ मधे सुरू केलेली योजना, त्यात दुसऱ्या देशांचे लोक आपल्याकडे ट्रेनिंगला येतात. आपण त्यात अर्ज करू शकत नाही पण अशा बॅचमधले आफ्रिकेतले इंजिनिअर भारतात असतात तेव्हा त्यांना भेटा, आपल्या मातीचे आकडे दाखवा. मी वर नैरोबी म्हटलं ते यासाठी.

आयआरसीची वैयक्तिक मेंबरशिप घ्या आणि वार्षिक अधिवेशनाला एकदा तरी जा. आपल्या लोकांना हे माहीत असायला हवं की या संस्थेमागे एक मराठी माणूस आहे: १९२७ मधे नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींतून १९२९ मधे रस्त्यांचा केंद्रीय निधी आणि १९३४ मधे इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली.

तुम्ही कोण आहात त्यावर रस्ता ठरतो

बीई-बीटेकच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला असाल तर कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिप, १२ आठवड्यांची, प्रोफेसरांच्या प्रोजेक्टच्या यादीतून निवडायचं. यादीत पेव्हमेंट शब्द नसला तरी जिओटेक्निकल आणि मटेरियल वाचून बघा.

दोनेक वर्षं नोकरी झाली असेल तर जर्मनीच्या डाड (DAAD) संस्थेचे इपॉस (EPOS) कोर्स, शिष्यवृत्तीसकट. कमीत कमी दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची डिग्री साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको, ही दुसरी अट लोकांच्या लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. स्टुटगार्टचा इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅनिंगचा मास्टर्स यातलाच.

सरकारी इंजिनिअरसाठी जपानची जायका संस्था छोटी ट्रेनिंग चालवते, पुलांची देखभाल, रस्त्यांची देखभाल, डोंगरी हायवे. थेट अर्ज चालत नाही, नाव सरकारकडून जावं लागतं. म्हणून कोर्सची माहितीपुस्तिका निघाल्यावर धावपळ करण्याऐवजी आपल्या चीफ इंजिनिअरच्या ऑफिसला आधीच लेखी कळवून ठेवा की या विषयात माझं हे हे काम झालंय, नाव पाठवायची वेळ येईल तेव्हा विचार व्हावा.

पीएचडी करायची असेल तर युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारं मारी क्युरी नेटवर्क बघा, तिथे पगार मिळतो, अट एवढीच की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. मास्टर्स त्याच देशात केलं असेल तर ही अट आड येते.

शिक्षक असाल तर माणूस इथे आणायचा विचार करा. ज्ञान योजना २०१५ पासून आहे, त्यात बाहेरचा प्रोफेसर येऊन छोटा कोर्स घेतो, आणि स्पार्क या दुसऱ्या सरकारी योजनेत दोन्हीकडच्या संस्था मिळून प्रोजेक्ट करतात. एका माणसाच्या विमानखर्चात चाळीस जण शिकतात. एसजीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ चं, सिमरोलला आयआयटी आहे, इंदूरला यजमान होण्याइतकी ताकद नक्की आहे. कंपनी सोबत असेल तर भारत-जर्मनीचं टू प्लस टू मॉडेल बघा, दोन्ही देशांतून एकेक संस्था आणि एकेक उद्योग लागतो.

मेल कसा लिहायचा

लहान. सीव्ही शेवटी. पहिल्या दोन ओळींत तुमचा रस्ता आणि तुमचा आकडा, साधारण असं: "मी इंदूरजवळ काळ्या मातीवरच्या एका गावरस्त्यावर काम करतोय. मे, ऑगस्ट आणि डिसेंबरची डीसीपी रीडिंग्ज ओलाव्यासकट सोबत जोडली आहेत. तुमच्या पेपरमधे कडेपासून ज्या अंतरावर ओलावा स्थिर होतो म्हटलंय, आमच्याकडे ते अंतर जास्त येतंय. मोरीजवळ पाणी साचणं हे कारण असू शकतं का?" बस. मागणी नको, पहिल्या मेलला स्कॉलरशिप हा शब्दसुद्धा नको. पेपर खरंच वाचलेला पाहिजे, कारण लिहिणाऱ्याला ते लगेच कळतं. उत्तर आलं की मग विचारा की तुमच्या ग्रुपमधे असं काम करता येईल का. मोठ्या नावाच्या प्रोफेसरऐवजी त्यांच्या पोस्टडॉकला (पीएचडीनंतर त्यांच्याकडे काम करणाऱ्याला) लिहिलं तर उत्तर लवकर येतं, टेस्ट तोच करत असतो.

कागद

सरकारी नोकर असाल आणि परदेशी संस्था राहण्या-खाण्याचा, तिकिटाचा खर्च करणार असेल तर परदेशी मदतीवरच्या एफसीआरए २०१० कायद्याच्या कलम ६ खाली केंद्राची आधी परवानगी लागते, फॉर्म एफसी-२, ऑनलाइन, निघायच्या किमान दोन आठवडे आधी. त्याच्याही आधी डिपार्टमेंटचं एनओसी आणि व्हिजिलन्स क्लिअरन्स. हे सगळं साहेबांच्या टेबलावर किती दिवस राहील ते तुमच्या हातात नसतं, त्यामुळे सिलेक्शनचं पत्र येण्याची वाट न बघता अर्ज केला तेव्हाच फाइल सुरू करा. डिग्रीचं अपॉस्टिल (परदेशात चालावी म्हणून सरकारी शिक्का) लागणार असेल तर तेही आधी.

मातीचे नमुने बॅगेत घालून नेऊ नका. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका दोन्हीकडे बाहेरची माती न्यायला परमिट लागतं, ते तिकडच्या लॅबने काढायचं असतं.

ड्रोन किंवा लायडारने (लेझरने मोजायचं यंत्र) रस्ता मोजला असेल तर अजून एक: फेब्रुवारी २०२१ च्या जिओस्पेशिअल गाइडलाइन्सप्रमाणे आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतातच साठवायचा आणि भारतातच प्रोसेस करायचा. म्हणजे पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंचा कच्चा डेटा) परदेशी पार्टनरच्या सर्व्हरवर टाकून मोकळं होता येत नाही. प्रोसेसिंग इंदूरला करा आणि निष्कर्षाचे तक्ते पाठवा, आणि हे एमओयूमधे, म्हणजे दोन्ही संस्थांच्या करारात, लिहा.

एमओयूत फोटो आणि सह्यांपेक्षा चार गोष्टी बघा. कच्चा डेटा कोणाचा, पेपरवर नावं कोणाची आणि कुठल्या क्रमाने, टेस्टचा खर्च कोण करणार, आणि प्रोजेक्ट संपल्यावर इथे बसवलेले सेन्सर कोणाचे. मी एक प्रोजेक्ट जवळून बघितलाय जिथे रीडिंग सगळी आपल्या पोरांनी उन्हात उभं राहून घेतली आणि पेपरवर त्यांची नावं आभारांत आली. आधी लिहून घेतलं असतं तर त्यांच्यावर ही वेळ आली नसती.

तिकडे गेल्यावर, आणि परत आल्यावर

लॅबमधे मशीन बघून हरखून जाणं साहजिक आहे, पण शिकायची गोष्ट म्हणजे ते टेस्ट रद्द कधी करतात. कुठलं रीडिंग फेकून देतात, कॅलिब्रेशन किती दिवसांनी, वहीत काय लिहितात. मशीन इंदूरला येणार नाही, ही शिस्त येऊ शकते.

परत आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आपल्या त्याच रस्त्यावर ट्रायल सेक्शन टाका. शंभर-दोनशे मीटर नवीन पद्धतीने, म्हणा चुना मिसळून स्थिर केलेली माती आणि कडेला ओलावा अडवणारा पडदा, आणि लगेच शेजारी तेवढाच तुकडा नेहमीच्या पद्धतीने, तोच ठेकेदार, तीच खडी, तेच ट्रॅफिक. शेजारचा तुकडा नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. दोन पावसाळे मोजा, आकडे पार्टनरला दर तीन महिन्यांनी पाठवत जा, चांगले असोत की वाईट.

आणि पार्टनरला इकडे बोलवाल तेव्हा डिसेंबर-जानेवारीत बोलवू नका. सगळे तेव्हाच बोलावतात, हवा छान असते म्हणून, पण त्या दिवसांत काळी माती काहीच दाखवत नाही. एक फेरी मेच्या शेवटी ठेवा, भेगा पूर्ण उघडलेल्या असतात तेव्हा, आणि दुसरी ऑगस्टमधे. गेस्ट हाऊस आधी बुक करा, ऑगस्टच्या फेरीसाठी गमबूट त्यांच्या मापाचे आणून ठेवा, आणि डीसीपी गाडीत आधीच चढवून ठेवा.